दगड नसलेल्या जमिनीत यंत्र मोडते कसे?

पूर्णेच्या खोऱ्यातला कास्तकार एक गोष्ट पाहुण्याला हमखास सांगतो : आमच्या वावरात कितीही खोल जा, खडा लागायचा नाही. ते खरेच आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यात नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे थर शेकडो फूट खोल गेले आहेत. घराच्या पायव्याला दगड हवा असेल तर तो बाहेरगावाहून ट्रॉलीने आणावा लागतो. मग अशा मऊ मुलखात खोदाईच्या यंत्राचे आयुष्य खडकाळ तालुक्यांच्या दुप्पट तरी असायला नको का? पण उन्हाळ्यात गॅरेजपुढून जा. बूम उतरवलेला जेसीबी, पिना झिजून बकेट लोंबणारा ट्रॅक्टर, नाहीतर मधोमध तडकलेले हाउसिंग घेऊन बसलेला मालक, यांपैकी कोणीतरी भेटतोच.

इथे यंत्र जमिनीमुळे मोडत नाही. ते लिव्हरवरच्या हातामुळे मोडते, आणि त्या हाताला घाई लावणाऱ्या आपल्या भावाच्या पद्धतीमुळे मोडते. दुसरे कारण ऐकायला आपल्याला आवडत नाही, म्हणून ते शेवटी ठेवतो. आधी हाताचे पाहू.

शेतकरी बंधूंनो, एक हिशेब करून पाहा. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तिच्यातले सर्वांत मोठे तळे ३० बाय ३० मीटरचे आणि ३ मीटर खोल. बाजूंना एकास एक उतार दिला तर त्यातून २,१९६ घनमीटर माती निघते, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे ७७५ ब्रास. जेसीबीच्या मागच्या बकेटात साधारण पाव घनमीटर माती बसते. एका तळ्याला जवळजवळ नऊ हजार बकेट झाले, आणि खोदलेली माती फुगते ते धरले तर दहा हजारांच्या वर. ट्रॅक्टरवर बसवलेल्या लहान बॅकहोचे बकेट याच्या निम्मेही नसते, तिथे आकडा दुपटीवर जातो. मोठी तळी हल्ली पोकलेनवाले करतात हे मान्य, पण नाली, पाइपलाइनचा चर, लहान तळे, पाणंदीची बाजू, धुऱ्यावरची झाडाची मुळे ही कामे अजून जेसीबी आणि ट्रॅक्टरच्याच गळ्यात आहेत. ऑपरेटरची एखादी वाईट सवय एका वावरात काही हजार वेळा घडते, हे त्या आकड्यावरून कळावे. बकेट फिरवून थांबवताना एक झटका बसला तर काही होत नाही. दहा हजार झटक्यांनी पिन अंडाकृती होते.

आता आपल्या काळ्या मातीचे दोन अवतार पाहा.

भर उन्हाळ्यात ती विटेसारखी होते. भेगा पडतात, पण दोन भेगांच्या मधला ढेकूळ दाताला दाद देत नाही. इथे नवशिका ऑपरेटर काय करतो? बकेटचे दात सरळ खाली रोवतो आणि बूमने दाबतो. माती हलत नाही, उलट यंत्रच मागून उचलले जाते. जॅक हवेत, चाके हवेत, आणि सगळ्या यंत्राचे वजन बूमच्या मुळाशी असलेल्या चार पिनांवर. मग तो बूम सोडतो आणि यंत्र धपकन खाली येते. हे दिवसभर चालते. बघणाऱ्यांना वाटते, गडी जोर लावून राहिला! जोर लावतोय खरा, पण मातीवर नाही.

जाणता ऑपरेटर भेग शोधतो. दात भेगेत तिरपे घालतो, बकेटचा तळ कापाच्या रेषेत ठेवतो आणि आर्म स्वतःकडे ओढतो. माती कापायची ती आर्मच्या ओढीने. बूमचे काम उचलायचे आणि बकेटचे काम माती धरायचे. एका ओढीत वीतभर थर निघाला तरी बकेट भरते. हातभर खोल दात घालून यंत्राला रडवण्यापेक्षा दोन पातळ ओढींत काम लवकर होते, हे घड्याळ लावून कोणीही पाहावे. भाजीवाली काकडी कशी सोलते ते आठवा. सुरी आत खुपसत नाही, सरकवते.

दुसरा अवतार ओल्या मातीचा. मृगाचे दोन शिंतोडे पडले, किंवा नाल्याकाठी खालची ओल लागली, की ही माती बकेटला गुळासारखी चिकटते. उलटे केले तरी पडत नाही. मग ऑपरेटर बकेट आर्मवर आपटतो. ठण्ण, ठण्ण! गावभर ऐकू जाते. या एका सवयीने बकेटच्या पिना, बुश, लिंक आणि सिलिंडरच्या रॉडचे जेवढे वाटोळे होते तेवढे दगडाच्या जमिनीतही होत नसेल. रॉडवर एक चरा पडला की आतले सील फाटते, तेल झिरपू लागते, आणि सील किट बदलले तरी चरा असलेला रॉड नवे सील पुन्हा खातो. यावर उपाय सोपा आहे. पंधरा-वीस बकेटांनंतर यंत्र थांबवा, बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि फावड्याने बकेटचा पोटभाग खरडून घ्या. पाच मिनिटे जातात. जी माती आतच चिकटून राहते ती तुम्ही प्रत्येक फेरीत फुकट वर-खाली नेत असता, डिझेल जाळून.

जॅकचे तर बोलायलाच नको. 'मागचे पाय' टेकवणे म्हणजे वेळेचा अपव्यय असे आपल्याकडे सर्रास समजतात. खोदाई सुरू करण्याआधी यंत्र सपाट असावे, दोन्ही जॅक घट्ट रोवलेले असावेत, पुढचे बकेट जमिनीवर दाबलेले असावे, आणि मागच्या चाकांवरचे वजन निघालेले असावे. टायरवर उभे राहून खोदणारे यंत्र झोके खाते, आणि प्रत्येक झोक्याचा हिशेब चेसिसच्या वेल्डिंगला द्यावा लागतो. भुसभुशीत जागी एक जॅक रुतला तर यंत्र तिरपे होते, आणि तिरप्या यंत्राचे बूम डोंगर चढल्यासारखे एका बाजूला ओढत राहते. अशा वेळी जॅकखाली जाड लाकडी फळ्या द्या. जुन्या बंडीच्या फळ्याही चालतात. तळ्याच्या काठाची तर विशेष काळजी घ्या. आपल्या मातीत काठाला समांतर भेगा असतात, वरून दिसत नाहीत, आणि जॅकचा दाब आला की कडेचा तुकडा सरळ खाली बसतो. काढलेल्या मातीचा ढीगही काठाला लावू नका. यंत्र गेले तर कर्ज राहते. ऑपरेटर गेला तर त्याच्या घरी काय राहते?

ट्रॅक्टरला बॅकहो जोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ट्रॅक्टर नांगर ओढण्यासाठी बनलेला आहे. त्याला वेगळे चेसिस नसते. इंजिन, क्लच आणि गिअरचे हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडून त्याचा कणा तयार होतो, आणि ते हाउसिंग बिडाचे असते. बीड वाकत नाही, तडकते. बॅकहो नुसता मागच्या तीन सांध्यांवर लटकवला तर खोदाईचा सगळा हिसका त्या कण्यात जातो आणि ट्रॅक्टर मधून दुभंगतो. म्हणून मागच्या धुऱ्यापासून पुढच्या धुऱ्यापर्यंत जाणारी लोखंडी सबफ्रेम असल्याशिवाय बॅकहो बसवू नका. ट्रॅक्टरच्या मूळ हायड्रोलिकवर बॅकहो चालवणेही चुकीचे. ते तेल नांगर उचलण्यापुरते असते. वेगळा पंप आणि वेगळी टाकी पाहिजे. गावचा वेल्डर स्वस्तात 'सेटिंग करून देतो' म्हणतो, त्याला हे प्रश्न विचारून पाहा. आणि शेतीच्या नावावर पासिंग झालेला ट्रॅक्टर भाड्याने खोदाईला लावला, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते, हेही लक्षात असू द्या.

सर्वांत वाईट सवय मात्र मी वेगळीच मानतो. चर बुजवताना किंवा बांध सपाट करताना बकेट बाजूला फिरवून माती लोटायची. झाडूने अंगण झाडावे तसे. पाहायला झकास दिसते, कास्तकारही खूश होतो. पण बूम आणि आर्म हे ओढण्यासाठी बनलेले आहेत, आडव्या दाबासाठी नव्हेत. या झाडण्याने स्विंगचे सिलिंडर, मुळाचा उभा खांब आणि त्याचे बुश यांना अशी पीळ बसते की पुढे बूम स्वतःच डुगडुगायला लागतो. माती लोटायला पुढचे बकेट आहे. यंत्र वळवून घ्यायला दोन मिनिटे लागतात एवढेच. याच जातीच्या दुसऱ्या करामती म्हणजे रुतलेले यंत्र बूमने ओढत बाहेर काढणे, बकेटने खुंटा ठोकणे, आणि दाताला साखळी अडकवून झाड उपटणे. झाडाची मुळे आधी चारही बाजूंनी मोकळी करा, मग ते सोप्याने पडते.

यंत्र आजारी पडण्याआधी बोलते. सिलिंडर टोकाला जाऊन अडला, किंवा दात अशा ठिकाणी अडकले जिथे माती हलणारच नाही, की कर्रर्र असा बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो रिलीफ व्हॉल्व्ह आहे. ज्यादा दाबाचे तेल परत टाकीत सोडून तो पंप वाचवतो. आवाज आला की लिव्हर लगेच सोडायचा. धरून ठेवला तर तेल तापते, पातळ होते, आणि दुपारनंतर मालक म्हणतो, "आज यंत्राले जोरच नाही." काही जण तर या व्हॉल्व्हखाली वायसर घालून दाब वाढवतात. ते म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. या नळ्यांमध्ये दाब २०० बारच्या वर असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये तो जेमतेम एक बार असतो. म्हणून नळीतून बारीक तुषार उडत असेल तर तिथे हात लावून पाहू नका. ते तेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हातही गमवावा लागतो. असे झाले तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना 'दाबाचे तेल घुसले' असे स्पष्ट सांगा. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

ग्रीसचे सगळ्यांना माहीत आहे, करतात थोडे. रोज काम सुरू करण्याआधी प्रत्येक निप्पलमधून जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत पंप मारावा, एवढेच. आपल्या भागाची खरी अडचण पाण्याची आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्याने यंत्र धुतले की ते चकाचक दिसते, पण पाणी वाळल्यावर पिनांत, वायरिंगच्या जोडांत आणि चकचकीत रॉडवर मीठ राहते. रेडिएटरमध्ये तेच पाणी घातले की आत खपली धरते, आणि मे महिन्याच्या उन्हात इंजिन तापते. रेडिएटरला कूलंटच घाला. धुवायला गोडे पाणी मिळत नसेल तर धुण्यापेक्षा खरडून पुसलेले बरे. रात्री उभे करताना जमतील तेवढे सिलिंडर आत घेऊन ठेवा, म्हणजे रॉड दवात उघडे राहत नाहीत.

खाऱ्या पाण्याचा विषय निघालाच आहे, तर हे यंत्र आपल्याला का महत्त्वाचे ते सांगतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला 'पोकरा', २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाणपट्ट्यातली गावे वेगळी धरली होती. कारण इथे जमिनीखालचे पाणी पिकाला उपयोगाचे नाही. पावसाचे पाणी तळ्यात साठवले तरच तुरीला आणि हरभऱ्याला एखादे संरक्षित ओलित मिळते. अशा ठिकाणी रोहिण्या सरता सरता यंत्र मोडले तर नुसती दुरुस्ती होत नाही. अर्धे खोदलेले तळे पहिल्याच पावसात गाळाने भरते, काळ्या रानात यंत्र पुन्हा शिरत नाही, आणि काम थेट दिवाळीनंतरवर जाते. म्हणजे तुमच्या खात्यातले एक पूर्ण वर्ष गेले. मालकाचा हप्ता थांबत नाही, तो आणखी वेगळा.

आता तो नावडता मुद्दा. आपण यंत्र तासाने ठरवतो. मीटर सुरू झाला की कास्तकार काठावर उभा राहतो आणि त्याच्या तोंडात एकच वाक्य असते, "भाऊ, टाइम जाऊन रायला, मारा ना लवकर!" त्याला जॅक टेकवणे दिसते ते पैसे जाताना, बकेट खरडणे दिसते ते पैसे जाताना. ऑपरेटर महिन्याच्या पगारावर आणि भत्त्यावर, तो काठावरच्या माणसाला नाराज का करील? आणि मालक तिसऱ्याच गावी. घाई कास्तकाराची, हात ऑपरेटरचा, नुकसान मालकाचे. तिघांचे तीन हिशेब. मग मालक ते नुकसान पुढच्या हंगामात तासाच्या भावात घालतो आणि आपण म्हणतो, जेसीबीवाले माजले.

शासन तळ्याचे अनुदान मोजमापावर देते, तासावर नाही. मग कास्तकाराने यंत्रवाल्याला तासाने का द्यावे? मोजता येणारे काम, म्हणजे तळे, चर, नाली, हे ब्रासने किंवा मीटरने ठरवा. मग घाई आणि नुकसान एकाच खिशात जमा होतात. जॅक टेकवायचे की नाही, आडवी माती झाडायची की यंत्र वळवायचे, हा निर्णय ज्याचे पैसे जाणार तोच घेतो. कोणी म्हणेल, असे केले तर मालकच ऑपरेटरला पळवील. पळवील, एक हंगाम. पहिले सिलिंडर फुटले की शिकेल, कारण ते त्याच्याच खर्चाने भरायचे आहे. झाडाचे खोड काढणे, पडकी भिंत उचलणे अशी फुटकळ कामे तासाने राहू द्या, त्याला इलाज नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठीही दोन शब्द. २०२१ च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेपासून ते 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'पर्यंत गावात यंत्र येते ते बहुधा तुमच्या सहीने. कामाच्या आदेशात यंत्राचा नंबर आणि दर लिहिता, तसे ऑपरेटरचे नाव आणि परवानाही लिहा. दर्यापूर तालुक्याला पिण्याचे पाणी शहानूर धरणावरून पाइपलाइनने येते. त्या पाइपवर दात बसला तर खाऱ्या विहिरींच्या गावाने प्यायचे काय? खोदाईच्या आधी पाणीपुरवठ्याच्या माणसाला बोलावून चुना टाकून घ्या, विजेच्या तारा कुठून जातात ते पाहा, आणि बूमच्या टप्प्यात पोरे उभी राहणार नाहीत असा एक माणूस नेमा. ऑपरेटर घडवण्याचेही कोणीतरी मनावर घेतले पाहिजे. या कामाचे प्रमाणपत्र देणारी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल देशात आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. फेब्रुवारीत, हंगाम तापण्याआधी, तालुक्याला दोन दिवसांचा वर्ग घेणे फार खर्चाचे काम नाही. आज आमची पोरे हेल्पर म्हणून चढतात, ग्रीस मारता मारता लिव्हर धरतात आणि उस्तादाच्या चांगल्या-वाईट सगळ्या सवयी उचलतात. चांगल्या ऑपरेटरला हजार-दोन हजार रुपये जास्त पगार द्यायला मालक कां-कूं करतो, आणि पंपाचे बिल मात्र मुकाट्याने भरतो.

यंदा यंत्र ठरवायला जाल तेव्हा भाव विचारण्याआधी ते चालवून दाखवायला सांगा. बूम उंच करून इंजिन बंद करायला लावा आणि लांब उभे राहून दहा मिनिटे पाहा. बूम आपोआप खाली उतरत असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह आतून गळतो आहे. मग बूम खाली घेऊन बकेट जमिनीवर टेकवा, बकेटच्या सांध्यात पहार घालून हलवून बघा. पिन जागच्या जागी खटखट करत असेल तर बुश संपले आहे. आणि ऑपरेटरला एकच प्रश्न करा : चर कशाने बुजवतोस? "मागच्या बकेटने, झाडून," असे उत्तर आले तर दुसरे यंत्र पाहा.